साडेतीन किलो

मॅडमनं वाकून माझ्या पोरीच्या तोंडाचा वास घेतला.

मैत्री तेव्हा सात वर्षांची होती. कुणी तोंडाजवळ आलेलं तिला सहन होत नाही. ती मागं सरकली. मॅडमनं तिची हनुवटी धरली, पुन्हा वास घेतला, सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बिस्किट."

अमरावतीत राजापेठेत, शिकवणी वर्गांच्या पाट्यांनी झाकलेल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं आहार केंद्र होतं. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी पालकांची सभा असायची. त्या दिवशी हॉलमध्ये तीसेक आईबाप होते. आम्ही दोघी बार्शीटाकळीहून पहिल्या गाडीनं निघालेलो. अकोल्याला बस बदलली. मूर्तिजापूरपर्यंत मैत्री कानावर हात दाबून ओरडत होती. अख्खी बस मागं वळून बघत होती. कंडक्टर म्हणाला, बाई, पोरीले काही खायले द्या ना. शेजारच्या म्हातारीनं पिशवीतल्या पिवळ्या पुड्यातून बिस्किट काढून माझ्याकडे दिलं. मैत्रीनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि खाल्लं. ओरडणं थांबलं.

"कोणी दिलं?" मॅडमनं विचारलं.

"मी दिलं. बसमध्ये लय रडून राहिली होती."

"उभ्या राहा. सगळ्यांना दिसलं पाहिजे."

मी उभी राहिले.

"कान धरा. मुलीची माफी मागा. म्हणा, मी तुझं नुकसान केलं."

मी कान धरले. माझं वय अडतीस. गावात मला सगळे ताई म्हणतात. मी म्हटलं, "मी तुझं नुकसान केलं." मैत्री खिडकीच्या गजावर बोट घासत होती, खाली-वर, खाली-वर. तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

मी परत म्हटलं, मोठ्यानं.

"टाळ्या वाजवा यांच्यासाठी," मॅडम म्हणाल्या. "कबूल करायला धाडस लागतं."

टाळ्या वाजल्या. मी खाली बसले. आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला राग आला नाही. मला वाटलं, खरंच आहे. मीच नुकसान केलं.

मी अंगणवाडी सेविका आहे. बारा वर्षं झाली. आम्ही बौद्ध. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर असतो. मैत्री आमची एकुलती एक. दीड वर्षाची असताना ती आई म्हणायची, पाणी म्हणायची. दोन वर्षांची होता होता ते शब्द गेले. कुठं गेले कुणाला माहीत. अकोल्यातल्या एका डॉक्टरांनी तपासलं आणि ऑटिझम आहे म्हणाले. याला औषध नाही, थेरपी लावा, धीर धरा. थेरपीला नंबर लागेपर्यंत आठ महिने गेले. लागला तेव्हा आठवड्यातून एकदा अर्धा तास. धीर धरून मी पाच वर्षं काढली.

मग कुणीतरी या मॅडमचा व्हिडिओ पाठवला. गहू आणि दुधानं अशा मुलांच्या मेंदूवर धुकं येतं, ते काढलं की सहा महिन्यांत शब्द येतात, असं त्या सांगत होत्या. छान बोलतात त्या. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला याचा हिशोब नाही. शब्द येतात. एवढंच मला ऐकू येत होतं.

पहिल्या भेटीत त्यांनी फॉर्म भरून घेतला. नाव, आडनाव, गाव.

"घरी काय खाता?"

"सगळंच खातो."

"सगळं म्हणजे?"

"भाजी, वरण, भाकर, पोळी. कधी अंडी, मासोळी, मटन."

त्यांचा पेन थांबला. नजर वर आडनावाकडे गेली, मग परत माझ्याकडे आली. "अच्छा. मग काम जास्त आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या पिढ्यांनी जे काही खाल्लं, ते हिच्या आतड्यात साचलंय. आधी ते धुवावं लागेल."

मी मान हलवली. हो मॅडम म्हटलं.

मी अशी नव्हते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका प्रशिक्षणात, एका बाईनं सगळ्यांना स्टीलच्या कपात आणि मला एकटीला कागदाच्या कपात चहा दिला होता. मी तो कप तिच्यापुढं टेबलावर ठेवला आणि म्हटलं, मलाही त्याच कपात द्या, नाहीतर सगळ्यांना यात द्या.  चहा बदलून मिळाला. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, त्यांना ही गोष्ट कळली तेव्हा ते बाजारातून माझ्यासाठी जिलेबी घेऊन आले. ती मी. आणि त्या दिवशी तीच मी, माझ्या आजापणजांच्या ताटाला शिवी दिली गेली तरी मान हलवून बसले. कपासाठी भांडता येतं. पोरीच्या शब्दासाठी माणूस काहीही गिळतं.

मॅडमनं काय बंद करायचं ते सांगितलं. गहू, दूध, साखर, बाहेरची प्रत्येक वस्तू. मी विचारलं, "मग खाईल काय? ती तीनच गोष्टी खाते."

मैत्री खरंच तीनच गोष्टी खायची. दुधात कुस्करलेली पोळी. एका पिवळ्या पुड्यातलं बिस्किट, तेच, दुसरं नाही. आणि मुरमुरे. दुधातली पोळी तिला तिच्याच वाटीत लागायची आणि पोळीचे तुकडे बारीक लागायचे. जाड तुकडा लागला की वाटी उपडी. पण बरोबर जमलं की ती वाटी दोन्ही हातांनी धरून प्यायची, आणि शेवटी माझ्याकडे बघायची. दिवसातून तेवढंच एकदा ती माझ्याकडे बघायची.

"भूक लागली की खाईल," मॅडम म्हणाल्या. "भुकेसमोर कोणाचे नखरे चालत नाहीत. तुम्ही फक्त कच्च्या पडू नका."

मी कच्ची पडले नाही. नारळ फोडला, खवला, मिक्सरमधून काढला, फडक्यातून पिळला. राजगिऱ्याची पोळी केली, त्यात कुस्करली, त्याच वाटीत दिली. मैत्रीनं वाटी तोंडाजवळ नेली. वासानंच तिला कळलं. वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी सांगू शकत नाही. मग तिनं कपाळ भिंतीवर आपटायला सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यात नवरा म्हणाला, "अवं, पोरगी मरन ना. दे तिले थोडंसं दूध."

मी त्याच्यावर ओरडले. "तुमच्यासारख्यांमुळंच पोरं सुधरत नाहीत." हे वाक्य माझं नव्हतं. मॅडमचं होतं. मी ते घरी आणलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरातलं दूध बंद झालं. आम्ही दोघं काळा चहा प्यायला लागलो. मैत्री मुरमुऱ्यांवर राहिली. सकाळी मुरमुरे, दुपारी मुरमुरे, संध्याकाळी मुरमुरे. कधी दोन दिवस तेही नाही. आणि मी रोज तक्ता भरत होते. मॅडमनं दिलेला तक्ता. काय दिलं, किती खाल्लं, किती वेळ शांत बसली. अंगणवाडीत बारा वर्षं रजिस्टर लिहिणारी बाई मी. तक्ता खरा लिहायचा एवढंच मला येतं.

माफीच्या त्या सभेनंतर जिन्यात वलगावच्या बाईनं माझा हात धरला. तिचं नाव लिहीत नाही. माळ्याची बाई, वांगी-फुलकोबीचा मळा होता त्यांचा. तिची पोरगी मैत्रीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. "ताई," ती म्हणाली, "तुमी खरं कायले सांगता? माही पोरगी रोज म्हशीचं दूध पेते. तक्त्यावर नारळाचं लिवलं का झालं. इथं सगळेच तसं करतात."

"मग येता काहून इथं?"

"घरी बसून काय करू मंग? इथं येऊन तरी काही करून राहिलो, असं वाटते."

अकोल्यापर्यंत मी त्यावर विचार करत होते. मॅडम सभेत ज्या पोरांची नावं घेऊन सांगायच्या की बघा, आहारानं फरक पडला, ती पोरं घरी दूध पीत होती. आणि जिची माय इमानदार, ती उपाशी होती.

तरीही मी थांबले नाही. हे मला लिहायचंच आहे. ते कळल्यावरही मी अजून दोन महिने आहार चालू ठेवला. कारण सहा महिन्यांत शब्द येतात. चार झाले होते. मधेच सोडलं आणि पाचव्या महिन्यात येणारच असेल तर?

वजनाच्या दिवशी ते तुटलं. दर महिन्याला मी अंगणवाडीत पोरांचं वजन घेते. मैत्री सात वर्षांची, तिचं नाव माझ्या रजिस्टरात बसत नाही, पण त्या दिवशी घरी कुणी नव्हतं म्हणून ती माझ्यासोबत होती. सगळी पोरं गेल्यावर मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिला काट्यावर घेतलं. एकटी ती उभी राहत नाही. म्हणून तिला कडेवर घेऊन मी उभी राहिले, मग तिला उतरवून एकटी उभी राहिले, वजाबाकी केली. सोळा किलो. मी परत केलं. सोळा. आहार सुरू करायच्या आधी, मॅडमच्याच फॉर्मवर, साडेएकोणीस होतं.

मला कळायला पाहिजे होतं. तिचे हात मी रोज धुवत होते. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता, मी पिन लावत होते. पण मी तिच्या तोंडाकडे बघत होते. शब्द कधी येतो म्हणून.

मागच्याच महिन्यात वीटभट्टीवरच्या एका बाईच्या पोराचं वजन अर्धा किलो उतरलं होतं. अर्धा किलो. मी तिच्या पालावर गेले होते आणि चार बायांसमोर म्हटलं होतं, "लक्षच देत नाही तुमी लोक. पोरं जन्माले घालता आनि सोडून देता." ती बाई खाली मान घालून उभी होती. मी उभ्या उभ्या तिला ते म्हटलं आणि रजिस्टरात लिहिलं, आईस समज दिली.

तुमी लोक.

मी काट्याजवळ फरशीवर बसले. हे शब्द मला जिथं ऐकू आले होते तिथून मी ते उचलले आणि माझ्याहून खाली असलेल्या बाईवर टाकले. तिच्याकडे चूल पेटवायला वेळ नव्हता म्हणून तिचं पोर उतरलं. माझ्या घरात दूध होतं, पोळी होती, आणि मी ती माझ्या पोरीच्या हातातून काढून घेतली होती. त्या संध्याकाळी मी वीटभट्टीवर गेले. पाल उठलं होतं. ते लोक दुसऱ्या भट्टीवर गेले होते, कुठं ते कुणाला माहीत नव्हतं. म्हणून तिला सांगायचं होतं ते राहिलंच.

पुढच्या सभेला मी गेले. पिशवीत पिवळा पुडा घेतला होता.

मॅडमनं सुरुवातच मैत्रीपासून केली. मैत्री माझ्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. "बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "ही मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा या हॉलमध्ये धावत होती, किंचाळत होती. आज किती शांत आहे." एका मुलीनं मोबाईलवर तिचा व्हिडिओ घेतला. "आई, उभ्या राहा. तुमचा अनुभव सांगा."

"मी बसूनच सांगते," मी म्हटलं.

"उभ्या राहा."

"नाही. बसूनच. मॅडम, ती शांत नाही. उपाशी आहे. साडेतीन किलो उतरली."

मॅडम हसल्या. "सुरुवातीला वजन उतरतं. आतलं विष बाहेर पडतं."

"मी पोरांची वजनं घेते. बारा वर्षांपासून तेच काम हाय माझं. असं वजन उतरलेलं पोरगं मले दिसलं तर दवाखान्यात पाठवा लागते. तिथं कोनी विष म्हनत नाही त्याले."

"ताई, इथे सगळे नियम पाळतात. सगळ्यांच्या मुलांना फरक पडतो. तुमच्याच मुलीला का नाही, याचा विचार तुम्ही घरी करा."

मी वलगावच्या बाईकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. मी तिचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, "इथं खरं कोन कोन लिवते ते एकदा विचारा."

एक बाप उठून पाणी प्यायला गेला.

"तुमच्यासारख्यांना घेतलं ही माझीच चूक झाली," मॅडम म्हणाल्या. "मला आधीच कळायला हवं होतं."

"माझ्यासारखे म्हनजे कसे, ते बोला. सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

त्या कागद आवरायला लागल्या.

मी पुडा काढला. तिथंच, सगळ्यांसमोर फोडला. बिस्किट मैत्रीच्या हातात दिलं. मनात होतं, आता ती खाईल. खाताना सगळे बघतील. सहा महिन्यांची भूक बघतील.

मैत्रीनं बिस्किट हातात धरलं. उलटं केलं. वास घेतला. आणि जमिनीवर ठेवून दिलं.

मी दुसरं दिलं. तिनं तोंड फिरवलं.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "तिलाच नकोय. आईपेक्षा मुलगी शहाणी."

काही लोक हसले. मी मैत्रीला उचललं. उचलताना ती इतकी हलकी लागली की माझा तोल मागं गेला. जिना उतरून आलो. कुणी मागं आलं नाही.

घरी आल्यावर मी दूध आणलं. पोळी केली, मऊ, तूप लावून. बारीक कुस्करली. तिची वाटी. तिनं वाटीकडे बघितलं, वाटी ढकलली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. अकोल्याच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी दोन दिवस सलाईन लावलं, मग समजावलं, की अशा मुलांचं खाणं मोजकं असतं, आणि त्यातलं एक तोडलं की कधी कधी ते परत जुळत नाही. "परत खाईल का दूध-पोळी?" मी विचारलं. "खाईल कदाचित. नाहीही खाणार," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते.

याला आता दहा महिने झाले. तिनं दूध घेतलं नाही. पोळीला हात लावला नाही. मुरमुरे खाते, आणि उकडलेला बटाटा, मीठ न घालता. वजन साडेसतरा आहे. जेवण झाल्यावर ती माझ्याकडे बघायची, ते बंद झालं. शब्द आले नाहीत. येणार नाहीत, असं मी आता धरून चालते. कुणी ये-जा करणारी बाई म्हणते, देवाच्या मनात असंल तर बोलंल. मी बटाटा उकडायला ठेवते.

मध्यंतरी वलगावच्या बाईनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. केंद्राची जाहिरात. त्यात मैत्री होती. माझ्या मांडीवर डोकं टेकून, डोळे अर्धे मिटलेले. खाली लिहिलं होतं, सहा महिन्यांत आक्रमक मुलगी शांत. माझा चेहरा कापला होता, फक्त माझी साडी दिसत होती. खाली कितीतरी आयांनी नंबर मागितला होता.

मी त्या बाईला फोन केला. ती रडायला लागली. "तुमी बोलल्या ते बरं केलं, ताई. पन माह्यानं सुटत नाही." मी म्हटलं, जा बाई, पन पोरीले दूध पाजत राहा.

मग मी जिल्हा आरोग्य कार्यालयात द्यायला केंद्राविरुद्ध तक्रारीचा अर्ज लिहिला. स्वतःच्या अक्षरात, पाच पानं. फॉर्मवरचं वजन, काट्यावरचं वजन, दवाखान्याचे कागद, व्हिडिओ. आतडी धुवायची म्हणाल्या होत्या तेही लिहिलं, शब्दाला शब्द. मी स्वतः काय केलं तेही लिहिलं. बिस्किट हिसकावलं, दूध बंद केलं, कळल्यावरही दोन महिने थांबले नाही.

नवऱ्यानं वाचलं. "हे कायले लिवलं? लोक म्हनतीन, मायनंच पोरीले उपाशी ठेवलं."

"म्हनू दे. ठेवलंच ना मी."

अर्ज दिला त्या कार्यालयात मी आतापर्यंत तीनदा गेले. पहिल्यांदा सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, येतं, पण साहेब रजेवर आहेत. तिसऱ्यांदा एका कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, यातून तुम्हाला मिळणार काय?" मी म्हटलं, "पोच द्या." पोच दिली.

अर्ज केंद्रापर्यंत पोचला असावा, कारण चार दिवसांपूर्वी तिथून फोन आला. मॅडमचा नाही, त्यांच्याकडे काम पाहणाऱ्या माणसाचा. आवाज गोड. "ताई, व्हिडिओ काढून टाकतो आम्ही. मैत्रीसाठी वर्षभराचा नवा कोर्स आमच्यातर्फे. तुम्ही फक्त अर्ज मागे घ्या. नाहीतर मूल उपाशी ठेवलं म्हणून उद्या तुमचीच नोकरी अडचणीत येईल. तुम्हीच लिहून दिलंय ना तसं."

खरं आहे त्याचं. नोकरी जाऊ शकते. मी ते लिहितानाच धरलं होतं. अर्ज मंजूर होईल, कुणाला शिक्षा होईल, असंही मला वाटत नाही. राजापेठेतल्या त्या जिन्यावर येत्या रविवारी नव्या आया चढतील, मांडीवर पोरं घेऊन बसतील.

मी त्याला म्हटलं, "माझं नाव, माझी सही, माझा पत्ता, सगळं त्या अर्जावर हाय. मी तो मागं घेनार नाही. तुमच्या मॅडमले सांगा, चौकशीले बोलावलं का मी येईन. नाही बोलावलं तरी येईन."

फोन ठेवला. सोमवारी कार्यालय उघडतं. रजा टाकली आहे.